ताटावरचा तळहात

त्या दिवसांत फिना कारखान्यातून आली की आधी पायरीवर बसायची. चपला काढायची, पोटऱ्या चोळायची, आणि मगच तिला आत जायचा धीर व्हायचा. आत काय असणार ते तिला ठाऊक होतं. मेजावर जाळीचं झाकण, झाकणाखाली सकाळी वाढून ठेवलेलं ताट, ताटात भात जसाच्या तसा, वरून सुकलेला. शेजारी टेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तळलेले तुकडे, गार पडून चिवट झालेले. आणि खिडकीशी वेताच्या खुर्चीत सासू. अंबाडा चापून बांधलेला, हात मांडीवर, तोंडभर हसू. परक्याच्या घरी आलेलं माणूस बसतं तशी, खुर्चीच्या पुढच्या काठावर.

सासू, म्हणजे सिम्बोक (आई) लासियेम, जावा बेटावर गुनुंग किदुलच्या डोंगरात एकटी राहायची. पावसाळ्यात मागच्या अंगणात घसरून पडली, खुबा दुखावला, तेव्हा फिनाच्या नवऱ्यानं, प्रिहांतोनं, आईला उचलून क्लातेनला आपल्या घरी आणलं आणि स्वतः ट्रक घेऊन सुराबायाच्या वाटेला लागला. आठवड्यातून एखादा दिवस तो घरी. बाकी सगळे दिवस या दोघी, आणि दोघींच्या मधे भाषाच नाही.

फिना फ्लोरेस बेटावरची. तिला तिची बोली येते आणि शाळेतली देशाची भाषा येते. सिम्बोकला शाळा माहीत नाही, तिला फक्त जावानी येते. आणि जावानी ही काही एक भाषा नव्हे. घरच्यांशी बोलायचे शब्द निराळे, मानाच्या माणसांशी बोलायचे निराळे. घरात भाताला सेगा म्हणतात, मोठ्यांपुढे सकुल. घरातलं पाणी बान्यू, मानाचं पाणी तोया.

"तू आपली मानाचेच शब्द शिक," प्रिहांतोनं फोनवर बजावलं होतं. "सुनेनं सासूला सेगा खा म्हटलं तर गाव हसेल."

म्हणून फिना मानाचे शब्द शिकली. सकाळी भाजीच्या गाडीवर पोनिरा काकू कोवळा फणस कापता कापता तिला एकेक शब्द द्यायची.

"मीठ म्हणजे उया. पण सासूला म्हणताना सारेम म्हण."

"काकू, एका मिठाला दोन नावं कशाला गं?"

"तुला एकच सासू आहे म्हणून परवडतंय. मला दोन होत्या, थोरली नि धाकटी. पाठ कर मुकाट्यानं."

कारखान्यात फिना शर्टाच्या कॉलरी शिवायची. मशीन धावायचं, कॉलरीमागून कॉलर निघायची, मान अवघडायची, आणि त्या ठेक्यावर ती शब्द घोकायची. तिच्या गावाकडे मका सोलताना बाया गातात, तशी चाल आपोआप लागायची:

*पाण्याला तोया म्हणू, भाताला म्हणू सकुल,*
*माय ही अबोल बाई, कशी लागंल चाहूल.*

मग घरी येऊन ती ताजा भात लावायची, पालेभाजीचं पातळ सार करायची, आणि सिम्बोकपुढे बसून, परीक्षेला बसल्यासारखी, एकेक शब्द जपून ठेवायची. "सिम्बोक, सकुल वाढू?"

सिम्बोक दोन घास खायची. मग तळहात ताटावर आडवा धरायची, मान किंचित लववायची आणि हसून म्हणायची, "सम्पुन."

सम्पुन म्हणजे झालं, पुरे. हा शब्द फिना पहिल्याच दिवशी शिकली होती. ती ताट उचलायची.

फिनाच्या गावी माणसानं नको म्हटलं की नको. पुन्हा विचारणं म्हणजे त्याचा शब्द खोटा पाडणं. तिच्या बापानं एकदा भर लग्नात एका पाहुण्याशी भांडण काढलं होतं, त्यानं दोनदा आग्रह केला म्हणून. तेव्हा ती सासूचा शब्द राखायची. आणि आत जाऊन ओट्याशी उभी राहून विचार करायची, कुठला शब्द चुकला? सार आळणी झालं का? डोंगरातली माणसं सुकवलेल्या कसाव्याचा तिवुल खातात, हिला भात जड पडतो का? दुसऱ्या दिवशी ती तिवुल करायची. पोनिरा काकूकडून त्याचे शब्द आणायची. पुन्हा दोन घास, पुन्हा तळहात, पुन्हा तेच हसू.

एकदा ताट नेऊन ती फडकं घेऊन परतली, तर सिम्बोक मेजावर सांडलेली शितं वेचत होती. एकेक शीत बोटाच्या टोकाला चिकटवायची आणि जिभेवर ठेवायची. फिनाला वाटलं, किती स्वच्छतेची बाई. हातातलं फडकं मागं लपवून ती तशीच परत फिरली.

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी सिम्बोकला काट्यावर उभं केलं आणि भुवया चढवल्या. "आजी, वाऱ्यानं उडून जाल हो!" मग फिनाकडे वळून देशाच्या भाषेत, हळू आवाजात, "सूनबाई, खायला घालता ना?"

फिनानं काट्यावरून उतरणाऱ्या सासूला हात दिला. त्याच संध्याकाळी थोरल्या जावेचा, सुमार्तीचा, फोन आला. बातमी तिच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे.

"तुझा काही दोष नाही गं," सुमार्ती गोड आवाजात म्हणाली. "तू दमतेस, शिवाय आपली रीत तुला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी येते आणि आईंना घेऊन जाते. निदान बोलायला माणूस तरी मिळेल त्यांना."

फोन ठेवल्यावर फिनाला आधी राग आला. आणि रागाच्या पाठोपाठ, दबक्या पावलांनी, सुटकेची एक झुळूक आली. पायरीवरून थेट अंथरुणावर जाता येईल. कुणाचं ताट नाही, कुणाचं झाकण नाही. मग तिची नजर खिडकीशी गेली. त्या वाळक्या मानेवरचा अंबाडा बघून तिची तिलाच लाज वाटली. इथून गेली तर उपाशी जाईल, आणि माझ्या दारातून उपाशी गेली हे माझ्या जन्माला चिकटेल.

शुक्रवारी प्रिहांतो आला. सोबत त्याचा चुलतभाऊ वालुयो होता, ट्रकवरचा जोडीदार, दाराइतका रुंद. दोघांनी हातपाय धुतले. फिनानं कोवळ्या फणसाची भाजी केली होती, नारळाच्या दुधात गुळासोबत शिजून शिजून तांबूस झालेली, वर अंडी. तिनं वालुयोपुढं ताट ठेवलं.

"छे छे, वहिनी," वालुयो हात हलवत म्हणाला. "रस्त्यात खाल्लंय आत्ताच. सम्पुन, सम्पुन."

फिनानं ताट उचललं.

वालुयो त्या ताटाकडे बघत राहिला. गाय दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली की वासरू बघतं, तसा.

"अगं!" प्रिहांतो ओरडला. "काय करतेस? उपाशी मारतेस का त्याला?"

"ते नको म्हणाले."

"नकोच म्हणणार! पहिल्या हाकेला कोण हो म्हणतं? हावरट दिसतो माणूस. आण इकडे." त्यानं ताट परत वालुयोपुढं सरकवलं. "घे रे."

"नको दादा, खरंच."

"घे म्हणतो ना!"

"बरं, एक घास. वहिनींचं मन मोडायला नको म्हणून."

वालुयोनं तीन ताटं भात खाल्ला. दर ताटाच्या शेवटी तो हात आडवा धरायचा, प्रिहांतो तो हात बाजूला सारायचा, आणि दोघंही हसायचे, लहानपणापासून खेळत आलेला खेळ असावा तसे.

फिना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला वालुयो दिसत नव्हता. तिला एक बोट दिसत होतं, मेजावर फिरणारं, टोकाला एक शीत चिकटलेलं.

वालुयो ट्रकपाशी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मी तुमच्या आईला एकदाच विचारते."

"म्हणजे?"

"एकदाच. ती सम्पुन म्हणते आणि मी ताट उचलते. आणि सकाळचं ताट झाकून जाते. घ्या म्हणायला तिथं कुणीच नसतं."

प्रिहांतोचा चेहरा उतरला. मग तो चिडला, कारण चिडणं सोपं होतं. "मी असतो तेव्हा तर ती पोटभर जेवते!"

"तुम्ही हात बाजूला सारता. मला शब्द शिकवलेत, हे नाही शिकवलंत."

"हे कुणी शिकवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं गं," तो म्हणाला. आणि पुन्हा निघून गेला, सुराबायाला, कारण माल भरून तयार होता.

शनिवारी सकाळी फिनानं झाकण घातलं नाही. ताट पुढ्यात ठेवून ती समोर बसली, कारखान्याची गाडी चुकेल हे माहीत असून. सिम्बोकनं दोन घास खाल्ले, तळहात आडवा केला. "सम्पुन."

"थोडं सकुल," फिना म्हणाली.

"सम्पुन."

फिनाच्या कानात बापाचं भांडण वाजत होतं. तिनं हळूच हात पुढं केला आणि सासूचा तळहात ताटावरून उचलला. हाडं आणि कातडी, वाळलेल्या शेंगेइतका हलका. तिनं तो मांडीवर ठेवला आणि भात वाढला. सिम्बोकनं सुनेकडे बघितलं. डोळे भरून आले की काय ते कळायच्या आत ती ताटावर वाकली आणि खाऊ लागली. शेवटचं शीतही तिनं सोडलं नाही.

तेवढ्यानं सगळं गोड झालं असं नाही. शनिवारचा अर्ध्या दिवसाचा कारखाना आटपून ती आली, तर दुपारी तोच खेळ. नको, घ्या, नको, घ्या. कॉलरी शिवून आलेल्या माणसाच्या अंगात आग्रह तरी किती शिल्लक असणार? फिना पेंगत होती. तिला वाटलं, हिला जगवायचं म्हणजे रोज दारात आलेल्या पाहुण्याचं स्वागत करायचं, रोज, मरेपर्यंत. ही मला सकुल म्हणते आणि लेकाला सेगा म्हणते. लेक घरचा. मी यजमान.

संध्याकाळी वीज गेली. विजेच्या भांड्यात भात लावता येईना, तेव्हा फिनानं परसात तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली आणि जुनं पातेलं चढवलं. तिथंच जमिनीवर बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. करपल्याच्या वासानं ती जागी झाली. वरचा भात ठीक होता, तो तिनं काढून ठेवला. खाली तांबूस खरपुडी धरली होती. वाढायला जायचं होतं, ते शब्द, तो आग्रह. तिच्यानं उठवेना. तिनं पळीनं खरपुडी खरवडली आणि तिथंच, पातेल्यातूनच, कुडुम कुडुम खायला लागली. तिला कुणालाच काही विचारायचं नव्हतं. ती गुणगुणत होती, ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं:

*शिताशिताला नाव गं, नावानावाला वाट,*
*उचल माये हात तुझा, निवलं गं तुझं ताट.*

मागं काठी वाजली. सिम्बोक भिंतीला धरून परसदारापर्यंत आली होती. तिनं पातेल्यात डोकावून बघितलं.

"इन्तिप!" ती म्हणाली. तो शब्द फिनाला ठाऊक नव्हता. पण बोट खरपुडीकडे होतं. "एकटीच खातेस होय? आण इकडं."

मानाचा एकही शब्द त्यात नव्हता. लेकराला दटावतात तशी ती बोलली, आणि फिनाला अक्षर न अक्षर समजलं. तिनं खरपुडीचा मोठा तुकडा मोडून दिला. म्हातारी पायरीवर बसली. तिचे पुढचे दोन दात शाबूत होते, त्यांनी ती तुकडा कुरतडू लागली. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "उया."

फिना मीठ आणायला उठली.

रविवारी सुमार्ती आली. तिची जावानी तुपातली होती, मानाचे शब्द ओळीनं ओघळत होते. तिनं घडी घातलेली नवी शाल सासूच्या खांद्यावर पांघरली.

"आई, चला आता आमच्याकडे."

सिम्बोक हसली. तळहात समोर आडवा धरला. "सम्पुन."

सुमार्ती रीतीत वाढलेली. तिनं पुन्हा विनवलं. "सगळी सोय केलीय, आई. खोली रंगवलीय." तळहात तसाच. तिसऱ्यांदा तिनं पायाशी बसून विनवलं. फिना ओट्याशी उभी राहून त्या हाताकडे बघत होती. मनाच्या एका कोपऱ्यात ती अजूनही म्हणत होती, हलेल, आता हलेल, आणि मी आज दुपारी झोपेन.

तळहात हलला नाही. सुमार्तीलाही कळलं. तिनं शालीची सुरकुती नीट केली आणि उठून उभी राहिली.

सिम्बोकनं मान वळवून ओट्याकडे बघितलं. "सेगा," ती म्हणाली. "भूक लागलीय मला."

फिनाच्या पोटऱ्या ठणकत होत्या. तिनं पातेलं पुढं ओढलं.