पिवळ्या केबलीचं दुसरं टोक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अहमदपूरच्या तेलगिरणीत नेटवर्क बंद पडलं. वजनकाट्याची पावती निघेना, सोयाबीनचे ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत तुंबले आणि गिरणीचे मालक रामलिंगअप्पा यांचा पारा चढला. लातूरहून वैजनाथ मोटारसायकल दामटत आला. राउटर बसवणं, केबली ओढणं हा त्याचा एकट्याचा धंदा, आणि त्याची चूल पेटत होती ती बरीचशी या गिरणीच्या कंत्राटावर.

"केवळाबाईनं मशीनीला कुंकू पाजलं," अप्पा दारातच म्हणाले. "पूजा करा म्हणालो होतो, अभिषेक न्हाई. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं तिला."

केवळाबाई बारा वर्षं गिरणीत झाडलोट करत होती. नेटवर्कच्या कपाटाशेजारी ती तोंडाला पदर लावून उभी होती.

वैजनाथनं कपाट उघडलं. राउटर, फायरवॉल, स्विच, तिघांनाही हळदीकुंकू, वर झेंडू आणि आपट्याची पानं. त्यानं बॅटरी मारून एकेक खाच पाहिली. आत कुंकवाचा कणही नव्हता. बाईनं टिळे नेमके झाकणावर, हवेच्या जाळीपासून लांब लावले होते. इतकी काळजी वैजनाथनं स्वतःच्या घरच्या टीव्हीचीही कधी घेतली नव्हती.

मग बिघाड कुठं? स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथं एकत्र येतात तो डबा. त्याचे सारे दिवे एकदमच वेड्यासारखे लुकलुकत होते. ही खूण त्याच्या ओळखीची होती. बोटानं माग काढत तो एकेका केबलीवरून गेला, तर पिवळीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये! गेलेला निरोप फिरून फिरून तिथंच येत होता, आणि त्या गर्दीत वजनकाट्याला कुणी विचारत नव्हतं. एक टोक उपसून त्यानं ते शेजारच्या फायरवॉलच्या डब्यात, त्याच्या मूळ जागी लावलं. दिवे ताळ्यावर आले. बाहेर पावतीचा प्रिंटर कुरकुरला.

"हे कुणी खोचलं?" असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याच सकाळी आठला तो पोरीला शाळेत सोडत असताना फोन आला होता. "भाऊ, काल डबे पुसताना एक वायर सुटली. लोंबून राहिली," केवळाबाई सांगत होती. धड न ऐकताच यानं म्हटलं होतं, "रिकाम्या खाचेत खोचून टाका, मावशी." कोणत्या डब्याच्या, एवढं सांगायला याचं काय जात होतं!

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मी सांगितलं असं अप्पांना का न्हाई बोललात?"

"तुमचं कंत्राट गेलं असतं. लेकराबाळाचे तुम्ही. मला काय, कुठंबी झाडू भेटतो."

तेवढ्यात अप्पा आत आले. "कुंकूच होतं ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं! कपाट लालपिवळं दिसत होतं, पुरावा आयता तयार. तो शब्द वैजनाथच्या ओठावर आलाही होता. पण शेजारी केवळाबाई खाली मान घालून उभी होती, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"न्हाई अप्पा. केबल चुकीच्या जागी होती. ती तशी खोचा म्हणून फोनवर मीच सांगितलं होतं. मावशीची काही चूक न्हाई."

अप्पांनी दोघांकडं पाहिलं. "मावशी, उद्या वेळेवर या," ते म्हणाले. मग वैजनाथकडं वळले. "तुमचं दिवाळी झाल्यावर बघू." आणि काट्याकडं निघून गेले.

त्या 'बघू'चा अर्थ वैजनाथला चांगला कळत होता. तो हत्यारं आवरू लागला. केबलीला टोक बसवायची त्याची पक्कड केवळाबाईनं उचलली.

"काल हिची पूजा केली का?"

"न्हाई मावशी. कालबी कामावरच होतो."

तिनं पक्कड पदरानं पुसली, कपाटातलं कुंकू घेऊन तिला टिळा लावला आणि बोटाला उरलेलं त्याच्या कपाळाला टेकवलं.

"जावा आता," ती म्हणाली. "अन् पुढच्या टायमाला माझा फोन नीट ऐका."