फिरकी फिरत नव्हती

योकोहामाच्या धक्क्यावर एकेचाळिसावा फोटो काढला आणि मी कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं. अंगठ्याने चाक सरकत होतं, आकडाही वाढत होता. पण रीळ परत गुंडाळायची डावीकडची फिरकी जागची हलत नव्हती. म्हणजे रिळाचं टोक आत खाचेत अडकलंच नव्हतं. सकाळपासूनचं सगळं गेलं. घरचा उंबरठा, आईने वळलेले ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, गाडीत पेंगणारी ताई, सगळंच.

माझी थोरली बहीण फुमिए ब्राझीलला निघाली होती. नवरा तिने फक्त फोटोत पाहिला होता. परत कधी येईल, कुणाला ठाऊक! आईचे गुडघे दुखायचे, तिला बोटीची शिडी चढवेना. मी एकटाच बोटीवर धावलो.

"ताई, एकही फोटो आला नाही गं!"

तिने कॅमेरा हिसकावला. तो ज्या कारखान्यात जोडला जायचा, तिथेच ती सहा वर्षं कामाला होती.

"फिरकी बघितली नाहीस? शिगेओ, तुला चमचासुद्धा हातात देऊ नये!"

एवढं म्हणेपर्यंत तिने मागचं झाकण काढून रिळाचं टोक खाचेत नीट खोचलंसुद्धा. छत्तीसच्या रिळात बहात्तर फोटो देणारा, मुठीत मावणारा कॅमेरा. मी तो डोळ्याला लावला, तर चौकटीत लाल पट्टी वर आली. आभाळ भरलेलं, उजेड पुरेना, बटण दबेचना.

"दाबतोयस काय नुसता? भिंगाभोवतीचं कडं फिरव, छिद्र पूर्ण उघड. आण इकडे."

तेवढ्यात घंटा वाजली. पोचवायला आलेल्यांना खलाशी खाली पिटाळू लागले.

"जा, आईजवळ उभा राहा!" ताई ओरडली. कॅमेरा तिच्याच हातात राहिला.

"काढलास ना तिचा चांगला फोटो?" मी धक्क्यावर परतताच आईने विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. मग आई जी सुरू झाली, ती बोट सुटून, बोटीवरच्या आणि धक्क्यावरच्या माणसांनी दोन टोकांना धरलेल्या कागदी फिती तुटेपर्यंत थांबली नाही.

पुढचे तीन महिने माझा पाय घरात ठरेना. टपालवाल्याची सायकल दिसली की मी रस्त्यावर. एकदा तर त्याची थैली मीच उपसली; त्याने हातावर फटका मारला.

शेवटी ताईचं पाकीट आलं. पहिला फोटो बोटीवरून काढलेला, जरासा हललेला. गर्दीत आई माझ्यावर हात नाचवतेय, मी बुटांकडे बघतोय. आजूबाजूचे सगळे वर बघताहेत, आम्ही दोघं सोडून.

आईने तो खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"वर बघायला हवं होतं रे आपण," ती म्हणाली. मग चष्मा पुसून ताईला पत्र लिहायला बसली, आणि मला शाई आणायला पिटाळलं.