कुडामागचा धवला

"आये, तू नुसते ओठ हलव. आवाज मी लावते," केसर कुडाआडच्या खोलीत आईला म्हणाली.

बाहेर मांडवात केसरची धाकटी बहीण जनी हळदीला बसली होती. नीराबाई चौलातली धवलारीण, लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गाणारी. आणि ऐन पोटच्या पोरीच्या हळदीला तापानं तिचा घसा पार बसलेला. हळद लागेपर्यंत धवला तुटला की अपशकुन. तो अख्खा पाठ असलेली दुसरी एकटी केसर. पण नवऱ्याची उष्टी हळद घेऊन आलेल्या विहिणीनं, मनुबाईनं, आल्या आल्याच बजावलं होतं, "त्या सिनेमावालीचा आवाज आयकला, तर हलद घेऊन माघारी जाऊ."

"कोनाला कललं तर?" नीराबाई घोगरली.

"न्हाय कलत. मुंबईला आता माझा हाच धंदा हाय."

खोटं नव्हतं ते. बोलपट आले तेव्हा केसर नायिका होती. नटायचं तिनं, गायचंही तिनंच. पुढं गाणं वेगळं भरायची सोय झाली आणि मेल्या कंपनीवाल्यांनी पडद्यावर ओठ हलवायला एक गोरीगोमटी पोरगी आणून उभी केली.

"मंजे गला तुजा, आनि नाव तिचा?"

"उठ आये, बोलावतायत."

नीराबाई मांडवात कुडाकडं पाठ करून बसली आणि केसर आतून कुडाला चिकटून गायला लागली. आई कुठं श्वास घेते ते तिला लहानपणापासून ठाऊक; तिथंच ती घेत होती. गाण्याची तबकडी तीन मिनिटांत संपायची; तेवढं गाऊन झालं आणि सवयीनं तिचा सूर उतरू लागला. फटीतून आईची पाठ ताठ झालेली दिसली. तिनं लगेच पुढची ओळ पकडली.

इतक्यात नीराबाईनं मान वळवून कुडाकडं पाहिलं. तिनं तोंड घट्ट मिटलं होतं. धवला मात्र चालूच होता.

जनीच्या गालाशी नेलेला मनुबाईचा हात तसाच थांबला. केसरला रडू फुटत होतं, पण थांबली असती तर धवला तुटला असता. ती गात राहिली.

मनुबाईनं कुडाकडं पाहिलं, मग जनीकडं. "लावा गो हलद," ती बायकांना म्हणाली, "धवला चाललाय." आणि तिचा हात जनीच्या गालावर टेकला.

हळद झाल्यावर मनुबाईनं धवलारणीचा मानाचा नारळ नीराबाईच्या हाती दिला. नीराबाईनं तो घेतला आणि खोलीच्या उंबऱ्याआत नेऊन केसरपुढं ठेवला.