गुतोर्मच्या हातची बिअर

सुन्निवाने बिअरसाठी हंड्यात उकळत असलेला जवाचा थोडा काढा पेल्यात काढून गार केला आणि त्यात गोडी मोजायची काचेची नळी सोडली. नळी डुचमळली आणि खाली गेली, जायला हवी होती त्याहून बरीच खाली. म्हणजे काढ्यात गोडी कमी, आणि बिअरही हलकीच होणार. तिने ती उचलली, झग्याला पुसली, पुन्हा सोडली. तिथंच.

"काय म्हणते तुझी काच?" बाकावरून सासऱ्याने विचारलं.

"आठ टक्क्यांची व्हायला हवी ना, आबा? ही चारच्या वर जायची नाही."

"वाटलंच मला." गुतोर्मने काठी आपटली. "बर्गनची पोर. तिकडे नळ सोडला की पाणी येतं, तशी बिअरही येईल वाटलं असेल."

बर्गन शहर सोडून या खोऱ्यात येऊन सुन्निवाचं अर्धं आयुष्य सरलं होतं, तरी म्हाताऱ्याच्या लेखी ती कालच उतरलेली पाहुणी होती. नवरा हाल्वर होता तोवर तिने ते हसण्यावारी नेलं. तो मासेमारीच्या बोटीवरून परत आला नाही, तेव्हापासून हसणं परवडेनासं झालं. नाताळची बिअर जो करतो त्याचं घर, हे इथे कुणी बोलून दाखवत नाही, पण लहान पोरालाही ठाऊक असतं. गुतोर्मचे हात आता थरथरत. यंदा सून करील, असं त्याने चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बिघडली तर भट्टीघराची किल्ली पुतण्याला, एरलिंगला, हेही तिथंच सांगून टाकलं. एरलिंग नुसता भट्टीला येणार नव्हता. तो बिऱ्हाड घेऊनच आला असता.

"तुम्ही सांगितलंत त्यातलं एक तरी मी चुकवलं का?" तिने विचारलं. "जव तेवढाच, पाणी तेवढंच, वासाला घालायच्या जुनिपरच्या डहाळ्यासुद्धा तुम्ही दाखवलेल्या झाडाच्या."

"मग हात चुकला. रागना मदतीला असायची तेव्हा माझी बिअर पिऊन धडधाकट माणसं बाकावरून कोसळायची. निव्वळ जवाची! खालच्या गावातल्यांसारखी साखर ओतणारे आम्ही नव्हे."

रागना म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"उकळी चालू ठेव. मी लापशी खाऊन येतो," म्हणून तो घरात गेला.

तेवढ्यात शेजारची योरुन गाळायचं फडकं परत द्यायला आली. सुन्निवाचा चेहरा बघून तिने आधी दार लोटून घेतलं.

"साखर टाकलीस?"

"आमच्यात टाकत नाहीत."

योरुन हसतच सुटली. "कोण म्हणतं? तो? अगं, रागना दरवर्षी टाकायची! हा खायला गेला की पोतंभर. मी स्वतः पोतं धरलंय. तुमच्या उतारावरच्या जवात कधी दम नव्हताच."

"आणि आबांना पत्ता नाही?"

"त्याला स्वतःच्या मोठेपणापुढे दिसतंय काय? थांब, घरून आणते. अजून उकळतंय, वेळ गेलेली नाही."

सुन्निवाने पळी हंड्यावर आडवी ठेवली. तिचे कान तापले होते.

"नको. शनिवारी सगळे चाखायला येतील ना, तेव्हाच सांगते. कुणाची बिअर आपली म्हणून मिरवत होता ते कळू दे लोकांना."

"घर जाईल हातचं."

"जाऊ दे."

योरुनचं हसू मावळलं. "मेलेल्या बाईचं गुपित आहे ते, सुन्निवा."

"आणि मी जिवंत आहे."

योरुन गेली. गुतोर्म मिशा पुसत परत आला, त्याने पळीभर काढा फुंकून फुंकून चाखला आणि हंड्यात डोकावला.

"काही घातलं नाहीस?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच."

"तेवढंच?"

"तेवढंच."

"मेंढ्यांना बघून येतो," म्हणत तो पुन्हा बाहेर पडला. मेंढ्यांना सकाळीच चारा टाकून झाला होता. कामचुकार म्हातारा, सुन्निवा मनात म्हणाली. तो बऱ्याच वेळाने आला, पुन्हा चाखलं आणि पळी हंड्यात भिरकावली.

"रागनाला काही सांगावं लागायचं नाही. ठोंबी कुठली!"

काढा कोमट झाल्यावर तिने खमीर घातलं. त्यानंतर शनिवारपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

शनिवारी रिवाजाप्रमाणे शेजारपाजार न बोलावता जमला. लाकडी वाडगा हातोहात फिरला. पहिल्या फेरीला सगळे प्यायले, दुसऱ्या फेरीला वाडगा भरलेलाच परत आला. योरुन जमिनीकडे बघत होती.

"वहिनी, पाणी झकास आहे हं," एरलिंग म्हणाला. "बाप्तिस्म्याला वापरता येईल." सगळे हसले. "काका, किल्ली केव्हा देताय?"

सुन्निवा उठली. आपलं वाक्य तिने घासूनपुसून तयार ठेवलं होतं.

"आबा, आता मीच सांगते सगळ्यांना..."

"तू गप्प बस."

गुतोर्मने दोन्ही थरथरत्या हातांनी वाडगा उचलला आणि एका दमात तळ गाठला.

"हिने काही चुकवलेलं नाही. सांगितलं तसंच केलं, शब्दाबाहेर गेली नाही. ही माझ्या हातची बिअर. आजवर तुम्ही प्यायलात ती रागनाच्या हातची."

कुणी हसलं नाही. योरुनने चमकून वर पाहिलं.

"म्हणजे तुला साखरेचं..."

"लग्न झाल्यापासून दर उकळीला मी खायला जात होतो. एवढी भूक कुणाला लागते?"

त्याने कमरेची किल्ली काढली आणि मेजावरून सुनेकडे सरकवली, तिच्याकडे न बघता. एरलिंग टोपी शोधायला लागला.

सुन्निवाने किल्ली उचलली. घर राहिलं होतं, पण म्हाताऱ्याचा राग काही केल्या जाईना. त्याने तोंडाने एकदा साखर मागितली असती, तर तिने हवी तेवढी आणून ओतली असती.