तेरड्याची शेवटची शेंग

मी रंभाबाईच्या अंगणातला तेरडा बोलतोय. घाईत बोलतोय, रागावू नका. उद्या सकाळी पत्रू मिस्त्री येणार आहे आणि हे सगळं अंगण सिमेंटचं होणार आहे.

तसं माझं आयुष्यच तोकडं. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं म्हणत तुम्ही माणसं आजवर आमची टिंगल करत आलात. असू द्या. पावसाळ्यात उगवायचं, पोळ्याला बैलांच्या माळेत जायचं, पोरींची नखं रंगवायची आणि धान पिवळं पडायच्या सुमारास वाळायचं, एवढंच आमचं काम. मरणाला मी भीत नाही. मागे बी राहील की नाही, याची मात्र फार भीती वाटते.

रंभाबाईनं माझं वाण माहेराहून पदरात बांधून आणलं होतं. पांढऱ्या पाकळीवर गुलाबी शिंतोडे. असा तेरडा अख्ख्या पोंभुर्ण्यात नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि आम्ही तेरडे पिढ्यानपिढ्या ते ऐकून फुगायचो. शेंगा फिकट झाल्या की ती त्यांच्यावर फडकं गुंडाळून हळूच दाबायची. शेंग फडक्यातच फुटायची. काळपट दाणे राखेत घोळून ती पुरचुंडीत बांधायची आणि चुलीच्या वर टांगायची. धुरानं कीड लागत नाही म्हणे.

यंदा ती सिरोंच्याला गेली आहे, लेकीच्या, उर्वशीच्या बाळंतपणाला. मागच्या वर्षी ती याच अंगणात चिखलात घसरून पडली होती. म्हणून ती परत यायच्या आत मुलगा प्रफुल सिमेंट घालून घेतोय. त्याचं तरी काय चुकलं?

जाताना ती सुनेला म्हणाली होती, "साधना, तेरड्याच्या शेंगा काढून ठेवजो."

साधना घुग्घुसची. तिच्या माहेरी कोळशाच्या धुळीत तुळस जगली तरी खूप. काल तिनं पहिली शेंग धरली, तर ती फाटकन फुटली आणि दाणे उडाले. ती दचकली. दुसरीही फुटली.

"ह्या तं सडल्या वाटते," ती पुटपुटली. मग तिनं पिकलेल्या शेंगा झटकून टाकल्या आणि न फुटणाऱ्या, हिरव्यागार, टणक शेंगा निवडून डब्यात भरल्या. माझा जीव तळमळत होता, पण माझं बोलणं तिला कुठे ऐकू येणार?

आज दुपारी रंभाबाईचा व्हिडिओ कॉल आला. साधनानं मोठ्या हौसेनं एक शेंग सोलून दाखवली. आत पांढरे, ओलसर दाणे.

"हे तं कच्चे हाये माय," रंभाबाई म्हणाली. "हे नाई उगवत. फुटते तेच शेंग खरी."

"मले वाटलं, फुटते म्हणजे खराब झाली. सांगितलं काऊन नाई, आई?"

"मलेच सुचलं नाई. राहू दे आता."

पण राहू दे म्हणताना तिचा आवाज उतरला होता. साधनालाही ते कळलं. ती धावत अंगणात आली. झटकलेले दाणे कोंबड्यांनी सकाळीच टिपले होते.

माझ्या बुंध्याशी, पिवळ्या पानाखाली एक शेंग उरली आहे. फुगून फिकट झालेली. वारा आला तरी माझा थरकाप होतो. साधनानं एकेक पान उचललं आणि ती तिला दिसली. फडक्याची युक्ती तिला ठाऊक नव्हती. श्वास रोखून तिनं शेंगेभोवती अख्खी मूठ मिटली. आत फट् झालं.

आता ती तशीच उकिडवी बसली आहे. मूठ उघडायचा धीर होत नाही तिला.

माझं काय, मी उद्या पत्रूच्या फावड्याखाली जाईन. पण साधनाबाई, उठ. मूठ तशीच घट्ट धरून चुलीपाशी जा, आणि राखेवरच उघड.