चोरओटी

मालनला बॅग घ्यायची होती आणि बॅगांमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. साठीला टेकलेल्या बाईला परदेशी नावाची पर्स कशाला हवी, असं कुणीही विचारलं असतं, म्हणून तिने कुणाला सांगितलंच नाही. नवऱ्याला, म्हणजे धाकूला, ‘डोळे तपासून येते’ अशी थाप मारली. हातात कापडी पिशवी घेतली आणि कांदिवलीहून दोन मेट्रो आणि एक रिक्षा बदलत मरोळच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीपाशी येऊन उभी राहिली.

इमारत अशी, की खाली लेथ मशीनची घरघर आणि वर एसी लावलेलं गारेगार दुकान. मोठमोठ्या कंपन्यांच्या ज्या बॅगांचा एखादा टाका चुकलाय, रंगात डाग पडलाय किंवा ज्यांची फॅशन उलटून गेलीय, त्या इथे अर्ध्या किमतीत मिळतात. याला आउटलेट म्हणायचं. आपल्या मंडईत संध्याकाळी उरलेली भाजी स्वस्त मिळते तसलाच प्रकार, पण इथे घेणाऱ्याची मान ताठ असते.

मालनची मुलगी दिशा, तिला कॉलेजपासून या दुकानांचा नाद. मैत्रिणींबरोबर जायची, एकेक बॅग खांद्याला लावून आरशात बघायची आणि हात हलवत घरी यायची. मालन चिडायची. “नुसतं बघून काय मिळतं गं तुला?” दिशा हसायची. आता तीन वर्षं मालन स्वतःच नुसतं बघत होती. बहिणीची मुलगी निधी आली की तिच्या मोबाइलवर दिशाचे फोटो बघायचे, बोटांनी चेहरा मोठा करायचा आणि धाकूच्या चपलांचा आवाज आला की मोबाइल परत द्यायचा.

झालं होतं असं, की धाकूने दिशाचं लग्न गावच्या जयवंतच्या मुलाशी ठरवलं. सुपारी फुटली, पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी दिशा स्वतःच्या पसंतीच्या हर्षदबरोबर कोर्टात लग्न करून दारात उभी राहिली. गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणून धाकूने दार लावून घेतलं. मालन दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. सासरी जाणाऱ्या लेकीची आईने ओटी भरायची असते, ती राहिली ती राहिलीच. दिशा राहायला गेली मुलुंडला. मुलुंड म्हणजे काही परदेश नव्हे. पण मालनला तिथला रस्तासुद्धा माहीत नव्हता.

आणि मागच्या आठवड्यात निधी कानाशी लागून म्हणाली, “मावशी, दिशाताईला तिसरा लागलाय. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं.”

तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता, चारचौघांना कळू न देता पोटुशीची ओटी भरतात. म्हणून तिला म्हणायचं चोरओटी. ही एक ओटी तरी आपल्या हातून भरली जावी, असं मालनच्या मनाने घेतलं. घरी बोलवायची सोय नाही, तिच्या घरी जायचं तर सगळा दिवस जाईल आणि धाकूला कळेल. तीन दिवस डोकं खाजवून तिने फोन लावला.

“दिशा, तुझ्या ऑफिसजवळ ते बॅगांचं दुकान आहे ना? मला एक घ्यायचीय. निवडून दे.”

“तुला?”

“मला.”

मग दिशा म्हणाली, “गुरुवारी लंचमध्ये येते. अर्धा तासच मिळेल.”

तर तो गुरुवार. दुकानाच्या दारात गार्डने पिशवी उघडायला लावली. नारळ बघून त्याने मान हलवली. “ये अंदर नहीं चलेगा.”

“मंदिर जाना है बाद में,” मालन म्हणाली. देवाचं नाव निघाल्यावर त्याने सोडलं.

दिशा आतच उभी होती. पॅन्ट, शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. गालांची हाडं वर आली होती. मालनला वाटलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरावा. पण तीन वर्षांनंतर लेकीला हात लावायचा कसा, हेच तिला कळेना.

“कशी हवीय?” दिशाने विचारलं. “खांद्याची की हातातली?”

“तोंड मोठं असलेली.”

“कशासाठी वापरणारेस?”

“आधी दाखव तरी.”

दिशा बॅगा काढत गेली. एकीचं कातडं कसं मऊ, दुसरीची चेन कशी अस्सल. बोलता बोलता तिचा आवाज सैल झाला, पूर्वीसारखा. मालनला कातड्यात रस नव्हता, ती आवाज ऐकत होती. तो थांबू नये म्हणून तिने चार चांगल्या बॅगा उगाच नापसंत केल्या. शेवटी एक विटकरी रंगाची, रुंद तोंडाची बॅग आली. मालनने तिच्यात कोंबलेला कागद काढला, इकडेतिकडे बघितलं आणि पिशवीतला नारळ आत सोडला. बरोबर बसला.

“आई, काय करतेस?”

“ओटीला पदर लागतो. तू पॅन्ट घालून येणार हे मला माहीत होतं. ही तुझ्यासाठीच आहे. धर नीट.”

दिशाने एकदा नारळाकडे बघितलं. “निधी बोलली ना?”

“कोण बोललं ते सोड. धर.”

दिशाने बॅगेचे दोन्ही काठ धरले आणि ती पोटाशी टेकवली. तिची नजर खाली होती. मालनने तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, बॅगेत खण ठेवला, मग हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. नंतर तांदूळ, ओंजळीने, पाच वेळा. चौथ्या ओंजळीतले थोडे तांदूळ फरशीवर सांडले. दिशा रडत होती, पण बॅग तिने हलू दिली नाही.

“मॅडम, त्यात काय भरताय?” शर्टावर ‘रेवती’ असा बिल्ला लावलेली दुकानातली मुलगी मागे येऊन उभी होती. कॅमेऱ्यात दिसलं असणार, एक बाई चोरट्यासारखी बॅगेत काहीतरी कोंबतेय.

मालन गांगरली आणि तोंडातून खरं तेच निघून गेलं. “चोरओटी.”

मराठी न कळणाऱ्या गार्डच्या कानात त्यातला पहिलाच शब्द शिरला. तो दारातून तरातरा आला. रेवतीने त्याला हातानेच थांबवलं, बॅगेत डोकावली आणि तिचा आवाज खाली आला.

“काकी, बिल करायचं तर बॅग रिकामी करावी लागेल. टॅग आतल्या कप्प्यात असतो. तो काढला नाही तर दारात भोंगा वाजेल.”

“भरलेली ओटी अशी उपसतात का गं?”

“नाही,” रेवती म्हणाली. तिने जरा विचार केला. मग गळ्यातलं मंगळसूत्र शर्टाबाहेर काढून दाखवलं. “मी हात घातला तर चालेल?”

काउंटरवर बॅग दिशाच्याच हातात राहिली. रेवतीने तांदळात मनगटापर्यंत हात घालून कप्पा चाचपला, टॅग ओढून मशीनवर धरला, तो सुटला. हाताला चिकटलेले दाणे तिने एक एक करून परत आत टाकले. मालनने पैसे भरले. आपण आयुष्यात असलं काही विकत घेऊ असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि घेताना त्याचे पैसे आपल्याला इतके थोडे वाटतील असंही नाही.

खाली जिन्यापाशी दिशाने वाकून नमस्कार केला. तेव्हा कुठे मालनने तिला हात लावला. पाठीवर ठेवलेला हात तिला उचलवेना.

“जेवतेस का नीट?”

“उलट्या होतात गं खूप. तुझ्या हातची सोलकढी प्यावीशी वाटते.” दिशाने डोळे पुसले. बॅग खांद्याला लावली, ती जड होऊन एका बाजूला ओढली गेली. मग सरळ आईकडे बघून तिने विचारलं, “आई, सातव्या महिन्यातली ओटी पण चोरूनच भरणार?”

मालनने बॅगेचा पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसवला. अर्धा तास संपला होता. दिशा रिक्षात बसली, रिक्षा वळली, तरी मालन तिथेच उभी राहिली.

ती घरी आली तेव्हा धाकू खिडकीशी पेपर वाचत होता.

“डोळ्याचो डॉक्टर काय म्हणालो?”

मालनने रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. “डॉक्टरकडे गेलेच नाही. दिशाची चोरओटी भरून आले.”

पेपर तसाच वर राहिला. तो आता ओरडेल, पेपर भिरकावेल, गावचं नाव काढेल, म्हणून मालन पदर खोचून उभी होती. आज तिला त्याची भीती वाटत नव्हती, त्याचंच तिला नवल वाटलं. धाकूने पान काही उलटलं नाही.

मग पेपरामागून आवाज आला, अगदी बारीक.

“कशी दिसता गो ती आता?”

मालनच्या ओठांवर सगळं आलं होतं. वर आलेली गालांची हाडं, उलट्या, सोलकढी. तिने ते गिळलं.

“मुलुंडाक रवता,” ती त्याच्याच गावच्या बोलीत म्हणाली. “जावन बघा.”