गोदू उल्हासनगरला गेली

"कोणाचा विश्वास बसणार नाही असं घडलंय, मालू," पेजेचा चमचा तिच्या तोंडाशी नेत मी म्हणालो. "आपल्या मांजर्लीत सांगितलं तर लोक वेड्यात काढतील मला."

"मग नका सांगू," मालिनी म्हणाली. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं, तेवढ्यात चमचा आत गेला.

तोंड उघडणं ही आमच्या घरातली मोठी गोष्ट. पक्षाघातानं तिची डावी बाजू गेली, पाठोपाठ जेवणावरची वासना. ओठ मिटून भिंतीकडे बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, औषधं मी देतो, पण पोटात अन्न नसेल तर माझ्या हातात काही नाही.

मग अंबरनाथच्या उमाकडून मी गोदूला आणलं. उमा आणि तिच्या मैत्रिणी गटारात, ट्रकखाली सापडलेली मांजरं घरी नेऊन बरी करतात आणि घर पारखून देऊन टाकतात. अट एकच, मधूनच न कळवता मांजर बघायला येणार. गोदूला डोळा एकच धड, शेपूट अर्धी. आल्या दिवशीच ती मालिनीच्या लुळ्या हातावर जाऊन झोपली. "ऊब लागतेय हो," मालिनी म्हणाली. डॉक्टरांना ते पटेना. मला पटवून घ्यायचंही नव्हतं. त्या दिवशी मालिनी वाटीभर दूधपेज जेवली, त्यातली थोडी मांजरीनं चाटली.

यंदा नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं. ओसरलं तसे उंदीर वर चढले, म्हणून सोसायटीनं औषध टाकलं. सोमवारी गोदू मला जिन्याखाली सापडली, ताठ झालेली. मागच्या शेवग्याखाली तिला पुरली, हात धुतले, वर आलो.

जन्मभर थापा मारल्या मी. बारवी धरणात वाघाला पोहायला शिकवलं, असं कारखान्यातल्या लोकांना छातीठोक सांगायचो. त्या सगळ्या हौसेच्या. ही पहिलीच गरजेची. मालिनीनं विचारल्यावर म्हणालो, उल्हासनगरला उमाला एक पिल्लू सापडलंय, कोणाच्या हातचं खात नाही. त्याला खायला शिकवायला गोदूला घेऊन गेलीय.

"तर काय," मी चमचा भरला, "पिल्लू लागलं खायला. पण ते ज्या सिंधी शेटच्या कापडदुकानात सापडलं, तो आता गोदूला सोडेना. गादीवर बसवलंय तिला! गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की ती आपला धड डोळा रोखते. गिऱ्हाईक मुकाट्यानं पैसे काढतं."

दुसरा चमचा गेला.

"शेट काय म्हणतो तिला?"

"दादी. 'दादी, शर्टिंग दाखवू?' असं विचारूनच कापडाचा तागा उलगडतो. दुपारी तिला पापड लागतो, भाजलेला. तळलेल्याला तोंड लावत नाही."

मालिनीच्या ओठांची उजवी कड हलली. तिसरा चमचा. मला जोर चढला.

"काल दुकानातली मीटरपट्टी हरवली. गोदूनं शेपटीनं कापड मोजून दिलं."

"अर्ध्या शेपटीनं?"

"म्हणून तर शेट खूश!"

ती हसली. नाकातून, पूर्वीसारखी. चौथा चमचा गेला आणि वाटीचा तळ दिसायला लागला. चार दिवसांत एवढं पोटात गेलं नव्हतं.

"येणार कधी?" तिनं विचारलं.

"आत्ताच खाली पीसीओवर उमाचा फोन आला होता. म्हणाली, काका, गोदू इथे माझ्या मांडीवरच बसलीय. काकूंची आठवण काढतेय. रविवारी आणून सोडते." चमचा पुढे केला. "हा शेवटचा. आ कर."

तिनं केला नाही. उजव्या हातानं डावा हात उचलला, गोदू झोपायची त्या जागेवर नीट ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली.

"खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही दूध आणायला गेलात, तेव्हा उमा येऊन गेली. गोदूला बघायला आली होती."